सगळ्यांसमोर माफ केलं, तरी रात्री झोप का येत नाही?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते मांडते, चुकलं असेल तर सांगा. वडील वारल्यावर मोठ्या भावाने "नावं चढवायची आहेत, सही लागते" म्हणून तुम्हाला तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात नेलं, तुम्ही न वाचता सही केली, अंगठा दिला, फोटो काढला, आणि मागच्या साली पीककर्जासाठी सातबारा काढला तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. विहिरीजवळचं ओलिताचं शेत त्यांच्या नावावर, तुमच्याकडे बरड. दोन्ही बहिणींनी तर आधीच सह्या करून दिलेल्या. आता हेच मोठे भाऊ तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच आहेत, रविवारी पुढच्या बाकावर बसून गाणं सांगतात. पाळकसाहेब म्हणाले माफ करा, तर तुम्ही उपास-प्रार्थनेत उभं राहून साक्ष दिली की मी भावाला माफ केलं, लोकांनी हालेलुया म्हटलं, आणि तरी रात्री दोन वाजता डोळे उघडतात, छाती धडधडते, प्रभुभोजनाचा प्याला घेताना हात थरथरतो. तुमचं विचारणं असं की माझा विश्वासच खोटा आहे का, आणि गेलेला अर्धा वाटा मिळवायला कोर्टात गेलो तर ते पाप होईल का.

मी पाळकीण, म्हणजे पाळकाची बायको आहे. मिस्टरांच्या बदल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत होत गेल्या, ते उपदेश करतात आणि बायांच्या घरसभा, जावाजावांची भांडणं, भावाभावांचे धुऱ्यावरचे वाद हे माझ्याकडे येतं. वकील नाही, डॉक्टर नाही. आणि काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. भावाने जाणूनबुजून केलं का दस्तलेखकाने "असंच करतात" म्हणून करून दिलं, हे माहीत नाही. आई आहे का, आणि कोणाकडे राहते, हेही तुम्ही लिहिलं नाही. त्यावर बरंच काही बदलतं, म्हणून मी सांगते ते तुमच्या घरच्या परिस्थितीला लावून पाहा.

विश्वास खोटा वगैरे काही नाही. घाई झाली एवढंच, आणि ती घाई तुमची कमी, आम्हा मंडळीवाल्यांची जास्त. आपल्याकडे कोणी दुखावला की पहिल्याच आठवड्यात त्याला म्हणतात माफ कर बाप्पा, प्रभूने नाही का केलं. म्हणजे काय माफ करायचं, किती करायचं, कोणाला करायचं हे काहीच ठरलेलं नसताना तोंडाने माफी वदवून घ्यायची.

बायबलमधल्या मत्तय १८ मधला दृष्टांत तुम्ही शंभरदा ऐकला असेल. प्रभूचा शिष्य पेत्र विचारतो की भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा का, आणि प्रभु म्हणतो सात नाही, सातच्या सत्तर पट, आणि लगेच राजाची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत राजा सगळ्यात आधी काय करतो ते पाहा. तो हिशोबाला बसतो. वही उघडतो, चाकराला समोर बोलावतो, आकडा काढतो, दहा हजार तालांत, आणि मग सोडतो. आकडा निघाल्याशिवाय सोडलेलं नाही. आम्ही मात्र वही न उघडताच म्हणतो सोडलं, आणि मग रात्री दोन वाजता ती वही आपोआप उघडते, कारण हिशोब तर व्हायचाच राहिला आहे. तुमचं जागरण म्हणजे मला तेच वाटतं.

आकडा निघालाच आहे तर तोही पाहून घ्या. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांचा रोज, कोणाच्या बापाच्याने फिटणार नाही असं कर्ज. त्याच चाकराला दुसरा चाकर किती देणं लागतो, तर शंभर दिनार. उपदेशात इथे नेहमी सांगतात की पाहा, किती क्षुल्लक रक्कम. मला ते कधी पटलं नाही. आजचा रोज ३०० रुपये धरला तरी ते तीस हजार होतात, आणि निंदणाला जाणाऱ्या माणसाला तीस हजार क्षुल्लक नसतात हो. प्रभूने ती रक्कम मुद्दाम खरीखुरी ठेवली असं मला वाटतं. देवाने आपलं जे सोडलं त्यापुढे ती लहान आहे, पण आहे. तुमचं शेत गेलं ते गेलंच आहे, "जाऊ द्या, मातीच आहे" म्हणून ते परत येत नाही.

तर माझी पद्धत सांगते. घरसभेत कोणी असं दुखणं घेऊन आलं की मी लगेच माफीची प्रार्थना घेत नाही. पोराची जुनी वही आणि पेन घ्या म्हणते. लिहिता येत नसेल तर ती सांगते आणि मी लिहिते. काय काय गेलं ते सगळं. तुमच्या बाबतीत किती एकर गेलं हे पहिल्या ओळीत येईल, पण तिथे थांबू नका. ओलित गेलं म्हणून हरभरा-गव्हाचं रब्बीचं पीक दरवर्षी जातं, ते लिहा. कर्ज मिळालं नाही म्हणून सावकाराकडे जावं लागलं असेल तर ते. बायकोसमोर मान खाली गेली ते. लहानपणी ज्याच्या मागे सायकलवर बसून शाळेत गेले त्यानेच केलं, ते तर नक्की लिहा, कारण माझ्या अनुभवात जमिनीपेक्षा तेच जास्त टोचत असतं. स्तोत्र ५५ त्या दिवशी मोठ्याने वाचा. वैऱ्याने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू, माझ्याबरोबर देवाच्या घरात जाणारा, असं तिथे अगदी सरळ लिहिलेलं आहे. देवासमोर राग बोलून दाखवायला बायबलमध्ये मनाई नाही, कितीतरी स्तोत्रं त्यानेच भरली आहेत.

हे लिहून काढल्यावर एक गोष्ट हमखास होते, देणेकरी बदलतो. आमच्याकडे एक बाई होती, कापूस वेचायला जायची. जावेने तिच्यावर करणी केल्याचा आळ घेतला, सगळ्या वस्तीत बोभाटा केला. हिने सभेत जावेला मिठी मारून माफ केलं, सगळे रडले, आणि त्यानंतरही हँडपंपावर ती जाऊ समोर दिसली की हिची घागर हातातून सुटायची. वही काढली तेव्हा जावेच्या नावाने दोन-तीन ओळी झाल्या आणि पेन थांबला. मग बऱ्याच वेळाने म्हणते, "बाई, ते सगळे मले बोलून राहिले होते ना, तवा माह्या नवरा खाटेवर बसून होता, एक शब्द नाही बोलला." खरं देणं नवऱ्याकडे होतं. जावेला हजारदा माफ करून ते फिटणार नव्हतं. तुमच्याही वहीत पाहा, सगळा राग भावावरच आहे का. वडिलांनी जिवंतपणी वाटणी करून दिली नाही, त्याचा राग आहे का? न वाचता सही केली म्हणून स्वतःवर आहे का? स्वतःवरचा राग माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खात्यात टाकतो. तो वेगळा काढा आणि त्याची माफी भावाकडून नाही, प्रभूकडून मागून घ्या, ती मागितली की मिळते, त्यात मला शंका नाही.

मग सोडायचं कसं. ज्या दिवशी वही पूर्ण वाटेल त्या दिवशी एकटे बसा, किंवा बायको सोबत असेल तर उत्तम, आणि एकेक ओळ वाचून म्हणा की प्रभु, याचा बदला घ्यायचा हक्क मी तुझ्याकडे देतो. रोमकरांस १२ मध्ये प्रेषित पौल हेच सांगतो, सूड तुम्ही घेऊ नका, ते देवाचं काम आहे, त्याला जागा द्या. एखाद्या ओळीवर जीभ अडली तर ती ओळ सोडून पुढे जा, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. खोटं म्हणू नका. आणि एकदा म्हटलं म्हणजे संपलं असंही समजू नका. राग आपल्या काळ्या रानातल्या कुंद्याच्या गवतासारखा आहे, वरून कापला की पुढच्या पावसात पुन्हा वर, आणि खोल खणला तरी कुठे कुठे मुळी राहतेच. पुन्हा दिसला की पुन्हा खणायचा. सातच्या सत्तर पट हे मला तरी असंच समजलं आहे, भाऊ नवीन नवीन गुन्हे करत राहील म्हणून नाही, त्या एकाच गुन्ह्याला मलाच पुन्हा पुन्हा माफ करावं लागेल म्हणून. त्यामुळे साक्ष दिल्यानंतरही राग आला तर साक्ष खोटी होत नाही.

आता शांतीबद्दल. लोकांना वाटतं माफ केलं की त्याच क्षणी छातीवरचा दगड उतरतो. काहींचा उतरतो, मी पाहिलं आहे. बहुतेकांचं हळूहळू होतं, आधी झोप सुधारते, मग एक दिवस लक्षात येतं की अरे, आज दिवसभर त्याचा विचारच आला नाही. मध्य प्रदेशात इंदूरकडे सिस्टर राणी मारिया म्हणून एक कॅथलिक सिस्टर गरिबांसाठी काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला त्यांचा बसमध्ये चाकूने खून झाला. त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, हिने त्या खुन्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. ती राखी २००२ ची आहे. मधे सात वर्षं गेली. आपण ही गोष्ट सांगताना राखी सांगतो आणि सात वर्षं सांगत नाही.

बरं, माफ करणं आणि पुन्हा एका ताटात जेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंडळीत यांचीच सगळ्यात जास्त गल्लत होते. मार्क ११:२५ काढा, तिथे प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा असं आहे. तिथे समोरचा माणूस हजरच नाही, ते तुमच्यात आणि देवात आहे, आजही होऊ शकतं. लूक १७:३ मात्र वेगळं आहे, भावाने अपराध केला तर त्याला दटाव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. म्हणजे नातं पुन्हा जुळायला त्याच्याकडूनही काही यावं लागतं. जक्कय नावाच्या जकातदाराने नुसतं सॉरी म्हटलं नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. आणि तुम्हाला जे वचन ऐकवतात ना, की वेदीपाशी दान ठेव आणि आधी भावाशी समेट कर, मत्तय ५ मधलं, ते नीट वाचा. "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आठवलं तर, असं आहे ते. म्हणजे ज्याने दुखावलं त्याने उठून जायचं आहे. पुढच्या बाकावर बसणाऱ्याने. ते वचन मागच्या बाकावर हात थरथरत बसलेल्यावर फेकून मारायचं नाही. पाळकसाहेबांना मान देऊनच हे सांगते.

पण तुमच्यासाठीही एक काम आहेच, मत्तय १८:१५, तू जा आणि दोघं एकांतात असताना त्याचा अपराध त्याला सांग. तुमच्या पत्रात हे कुठेच नाही. सगळ्या मंडळीसमोर माफी जाहीर झाली, पण भावाला तोंडावर "तुम्ही माझी सही फसवून घेतली" असं तुम्ही एकदा तरी म्हणाले का? नसेल तर ते करा. शेतात, एकटे, सकाळच्या पहरी, पिऊन नाही, बायका-पोरांसमोर नाही. ऐकलं नाही तर एक-दोन जण सोबत घेऊन जा, आणि तरी नाही ऐकलं तर मंडळीसमोर ठेवा, हा क्रम प्रभूनेच घालून दिला आहे.

सगळं करूनही त्याने मानलं नाही तर अंतर ठेवा, त्यात माफी मोडत नाही. एसाव आणि याकोब हे सख्खे भाऊ गळ्यात पडून रडले, उत्पत्ती ३३ मध्ये, आणि त्यानंतर एसाव सेईरला गेला आणि याकोब सुक्कोथला, दोघं वेगवेगळे राहिले. पौल तीमथ्याला लिहितो की आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, प्रभु त्याचं पाहून घेईल, आणि लगेच पुढे म्हणतो तूही त्याच्यापासून सांभाळून राहा. बदला देवाकडे दिला आणि सावधगिरी स्वतःकडे ठेवली. (एखादी बहीण हे वाचत असेल आणि घरी नवरा मारत असेल, तर तुझ्यासाठी हे आणखी जास्त आहे. माफ कर म्हणजे आज रात्री त्याच घरात परत जा असा अर्थ कोणी सांगितला तर ऐकू नको, आधी सुरक्षित जागी जा.)

कोर्टाचं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६, तुम्हाला कोणी ना कोणी दाखवेलच, की विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. ते वचन खरं आहे आणि मी त्यातून पळवाट काढत नाही. पण त्याच अध्यायात पौल मंडळीला झापतो की भावाभावाचा निवाडा करेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का. म्हणजे मंडळीने निवाड्याला बसायचं हे आधी आहे. मंडळी बसत नसेल, किंवा ज्याच्याबद्दल तक्रार आहे तोच पंच म्हणून बसणार असेल, आणि वर तुम्हाला म्हणत असतील सोसा, तर ते अर्धंच वचन झालं. पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी बादशहाकडे, दाद मागितली आहे, प्रेषितांची कृत्ये २५. आणि १९९९ ला ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं, त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं, बारीपद्याला कुष्ठरोग्यांचं काम पुढेही चालवलं, आणि खटला आपल्या वाटेने चालत राहिला, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुख्य आरोपी दारासिंगची जन्मठेप कायम केली. माफी एकीकडे आणि न्याय एकीकडे, कोणी कोणाचा रस्ता अडवला नाही.

तर पाप होईल का याचं माझं उत्तर असं. शेत परत मिळावं, पोरांचं पोट चालावं म्हणून गेले तर मी त्याला पाप म्हणणार नाही. भाऊ रस्त्यावर यावा, त्याच्या मुलीची सोयरीक मोडावी, पंचपदावरून उतरताना लोकांनी पाहावं म्हणून जात असाल तर थांबा. हे दोन्ही एकाच माणसात असतात, म्हणून तर आधी वही सांगितली. फक्त वेळ फार काढू नका, फसवून घेतलेला दस्त रद्द करायच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि तुम्हाला कळून एक साल गेलं. फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी ठरली असंही नसतं. दस्ताची नक्कल काढून तालुक्याच्या चांगल्या वकिलाला एकदा दाखवून घ्या. मंडळीचं बोलणं आणि वकिलाचा सल्ला सोबत चालू शकतात.

झोपेचं मात्र नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. महिन्याच्या वर झालं असेल, जेवण जात नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा, गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार एकदाही आला असेल तर आजच बायकोला सांगा, फवारणीचे डबे घरातून काढून दुसरीकडे ठेवा, आणि १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणून सरकारची सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आपल्या भागात हे सांगितल्याशिवाय मी कोणालाच उठू देत नाही, राग मानू नका.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही "माझा अर्धा वाटा" लिहिलं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, त्यात एक तृतीयांश पत्नीचा आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींना सारखे. आई हयात असेल आणि तुम्ही चार भावंडं, तर तुमचा वाटा सहावा येतो, अर्धा नाही. कागदावर जुनाच धर्म राहिला असेल तर हिंदू कायदा लागू शकतो, तिथेही मुलींना बरोबरीचं आहे. बहिणींच्या सह्या झाल्या तेव्हा त्यांना कागद वाचून दाखवला होता का, की साडी देऊन "इथे कर" म्हटलं होतं, आणि तुम्ही तेव्हा तिथेच होते का? मला माहीत नाही. पण भावाकडे एकांतात जायच्या आधी त्या दोघींना फोन करून हे विचारा, आणि त्या जे सांगतील तेही त्याच वहीत लिहा, वेगळ्या पानावर.